ज्येष्ठ मिशनरी दांपत्य

ज्येष्ठ मिशनरी दांपत्य ही संज्ञा मुख्यतः ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथात रूढ आहे. सर्वसाधारण बोलण्यात हा पंथ मॉर्मन चर्च म्हणून ओळखला जातो. मुले मोठी झाल्यावर आणि बहुधा नोकरी-व्यवसायातून निवृत्त झाल्यावर जे पती-पत्नी स्वखर्चाने, ठरावीक मुदतीसाठी, घर सोडून चर्चची पूर्णवेळ सेवा करतात, त्यांना ही संज्ञा लावली जाते. अशी अनेक दांपत्ये स्वतःच्या देशाबाहेर सेवा करतात.

मॉर्मन मिशनरी म्हटले की पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावलेली, सायकलवरून फिरणारी तरुणांची जोडी डोळ्यांसमोर येते. २०११ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या ‘द बुक ऑफ मॉर्मन’ या संगीत नाटकाने ती प्रतिमा जगभर पक्की केली. ज्येष्ठ दांपत्ये या चित्रात नसतात. तरीही काही देशांत या चर्चचे पहिले अधिकृत पाऊल तरुणांनी नव्हे, तर साठी-सत्तरीच्या जोडप्यांनी टाकलेले आहे.

== पात्रता आणि मुदत ==

या चर्चची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. मुख्यालय आज उटाह राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. चर्चमध्ये पगारी धर्मोपदेशकांचा स्वतंत्र वर्ग स्थानिक पातळीवर नसतो. मंडळीचा कारभार सभासदच आळीपाळीने पाहतात. मिशनकार्यही याच तत्त्वावर चालते. अविवाहित तरुण दोन वर्षे व तरुणी दीड वर्ष सेवा करतात आणि कोठे जायचे हे त्यांना विचारले जात नाही. चर्चच्या अध्यक्षांच्या नावे पत्र येते, त्यात देशाचे वा शहराचे नाव असते आणि त्याप्रमाणे निघावे लागते. या पत्राला इंग्रजीत जे नाव आहे, त्यासाठी मराठी ख्रिस्ती परिभाषेतील ‘पाचारण’ हा शब्द चपखल बसतो.

ज्येष्ठांचे पाचारण याहून बरेच सैल असते. चाळिशी ओलांडलेल्या आणि घरात अठरा वर्षांखालील अवलंबून मूल नसलेल्या विवाहित जोडप्यांना अर्ज करता येतो. प्रत्यक्षात जाणाऱ्यांत निवृत्तांचे प्रमाण मोठे असते. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची असू शकते. कोणत्या प्रकारचे काम जमेल, कोणता प्रदेश आवडेल, काय झेपणार नाही हे जोडप्याला आधी कळवता येते. गरज असलेल्या जागांची यादी चर्च प्रसिद्ध करते आणि पुष्कळ जोडपी ती पाहूनच ठरवतात. अंतिम नेमणूक मात्र चर्चच करते. तेव्हा आवडीनिवडी कळवल्या म्हणजे त्या मान्य झाल्याच असे नाही.

पतीला ‘एल्डर’ आणि पत्नीला ‘सिस्टर’ असे संबोधले जाते. दोघांनाही स्वतंत्रपणे मिशनरी म्हणून नेमले जाते. पत्नी ही मिशनरीची सोबतीण नसते. तरुणांप्रमाणे सकाळी साडेसहाला उठण्याचे आणि रात्री साडेदहाला निजण्याचे बंधन यांच्यावर नसते. दारोदार जाऊन प्रचार करण्याची अपेक्षाही सहसा नसते. निघण्यापूर्वी थोड्या दिवसांचे प्रशिक्षण होते. त्याचे सर्वांत मोठे केंद्र उटाहमधील प्रोव्हो येथे आहे.

मिशन अध्यक्ष व त्यांची पत्नी हे वेगळे पद असून त्याच्याशी ज्येष्ठ दांपत्यांची गल्लत होऊ नये. अध्यक्ष दांपत्याची मुदत तीन वर्षांची असते आणि त्यांच्या हाताखाली शंभर-दीडशे तरुण मिशनरी असू शकतात. स्वतःच्या घरी राहून आठवड्यातील काही तास काम करणारे ‘सेवा मिशनरी’ही निराळे.

== इतिहास ==

एकोणिसाव्या शतकात मिशनरी म्हणून बहुतेक विवाहित पुरुष जात, आणि तेही एकटे. बायको-मुले मागे राहत व संसाराचा गाडा बाईला एकटीने ओढावा लागे. ॲडिसन प्रॅट १८४३ मध्ये पॅसिफिक महासागरातील बेटांकडे निघाले, तेव्हा पत्नी लुईझा बार्न्स प्रॅट यांच्याजवळ चार मुली होत्या. त्या मुलींना घेऊन लुईझा यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडील खडतर प्रवास पतीविना पार पाडला. पती-पत्नीची भेट झाली ती थेट १८४८ मध्ये. पुढे १८५० साली लुईझा स्वतःच मुलींसह तुबुआई बेटावर गेल्या आणि तेथील बायका-मुलांना शिकवू लागल्या. दांपत्याने मिळून परदेशी सेवा करण्याचे हे या पंथातील एक आरंभीचे उदाहरण आहे. अविवाहित स्त्रियांना प्रचारक म्हणून अधिकृतपणे पाठवणे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९८ मध्ये, आयनेझ नाइट व जेनी ब्रिमहॉल यांच्या इंग्लंडमधील नेमणुकीपासून सुरू झाले.

निवृत्त जोडप्यांना पद्धतशीरपणे पाठवण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. स्पेन्सर किंबल हे १९७३ ते १९८५ या काळात चर्चचे अध्यक्ष होते. मिशनकार्याचा विस्तार हा त्यांच्या कारकिर्दीचा मुख्य विषय होता आणि याच काळात ज्येष्ठ दांपत्यांचे महत्त्व वाढले.

=== पश्चिम आफ्रिका, १९७८ ===

या प्रथेचे सर्वांत परिणामकारक उदाहरण नायजेरिया आणि घाना येथील आहे. त्याची पार्श्वभूमी चर्चला भूषणावह नाही. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद न देण्याचे आणि त्या वंशाच्या स्त्री-पुरुषांना मंदिरातील विधींपासून दूर ठेवण्याचे धोरण चर्चने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालवले होते. तरीही १९५० व १९६० च्या दशकांत नायजेरिया आणि घानातील काही लोकांच्या हाती चर्चची पुस्तके-पत्रके पडली, आणि त्यांनी आपापल्या गावी त्याच नावाच्या मंडळ्या उभारल्या. त्यांना बाप्तिस्मा देणारे कोणी नव्हते. सॉल्ट लेक सिटीला पत्रांमागून पत्रे जात होती. नायजेरियातील अँथनी ओबिन्ना हे शिक्षक अनेक वर्षे असा पत्रव्यवहार करत होते. घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी केप कोस्ट व आसपासच्या भागात मंडळ्या चालवल्या होत्या.

जून १९७८ मध्ये वंशभेदाचे हे धोरण रद्द झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम आफ्रिकेत जी पहिली अधिकृत तुकडी पोचली, ती दोन जोडप्यांची होती: रेंडेल व रेचल मेबी आणि एडविन व जनाथ कॅनन. रेंडेल मेबी सत्तरीचे होते. कॅनन दांपत्यही तरुण नव्हते. जनाथ कॅनन यांनी त्यापूर्वी चर्चच्या जागतिक स्त्री-संघटनेच्या, म्हणजे रिलीफ सोसायटीच्या, अध्यक्षीय मंडळात काम केले होते. २१ नोव्हेंबर १९७८ रोजी ओबिन्ना यांच्यासह एकोणीस जणांचा नदीत बाप्तिस्मा झाला. ओबिन्ना यांच्या पत्नी फिडेलिया तेथील स्त्री-संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. डिसेंबरमध्ये केप कोस्ट येथे जॉन्सन यांच्या मंडळीतील लोकांचे बाप्तिस्मे समुद्रात झाले.

दोन्ही जोडप्यांची मुदत एक वर्षाची होती. खराब रस्ते, इंधनाची टंचाई, बेभरवशाचे पाणी अशा परिस्थितीत ती गावोगाव फिरली. वर्ष संपताना दोन्ही देशांत मिळून सतराशेच्या वर सभासद होते आणि पस्तीसच्या आसपास शाखा चालू झाल्या होत्या. एवढी मोठी संख्या या चार जणांच्या वक्तृत्वाचे फळ मानणे योग्य नव्हे. मंडळ्या आधीच उभ्या होत्या आणि त्यांचे नेते स्थानिक होते. मिशनरी जोडप्यांचे काम होते ते विलंबाने आलेली मान्यता पोचवण्याचे आणि कारभार बसवून देण्याचे. तरुण, अननुभवी मिशनऱ्यांऐवजी आयुष्यभर संस्था चालवलेली माणसे पाठवण्यामागील तर्क येथे स्पष्ट दिसतो.

=== मंगोलिया आणि व्हिएतनाम ===

साम्यवादी राजवटींच्या पडझडीनंतर हाच मार्ग पुन्हा वापरला गेला. सप्टेंबर १९९२ मध्ये सहा दांपत्ये मंगोलियात पोचली. तेथील उच्च शिक्षणाच्या सुधारणेसाठी साहाय्य आणि इंग्रजीचे अध्यापन हे त्यांचे उघड काम होते. केनेथ व डोना बीझली हे त्यांपैकी एक दांपत्य. १९९३ च्या आरंभी दोन जोडपी हनोईला गेली आणि इंग्रजी शिकवू लागली. धर्मप्रचार तेथे त्यांच्या कामाचा भाग नव्हता. जेथे प्रचाराला परवानगी नाही अशा देशांत ज्येष्ठ जोडप्यांनी केवळ लोकोपयोगी काम करायचे आणि धर्माविषयी स्वतः विषय काढायचा नाही, हा संकेत पुढे इतरत्रही पाळला गेला. शिक्षण वा मदत हे प्रचाराचेच आडवळण नव्हे काय, अशी शंका टीकाकार घेतात. प्रचारबंदीचा नियम कटाक्षाने पाळला जातो, असे चर्चचे म्हणणे असते.

== काम ==

ज्येष्ठ दांपत्यांचे बहुतेक काम प्रवचनाचे नसून व्यवस्थेचे असते. मिशन कार्यालयात बसणाऱ्या जोडप्याकडे तरुण मिशनऱ्यांची घरभाडी, वीज-पाण्याची देयके, मोटारींची देखभाल व अपघातांचे दावे, व्हिसाची मुदतवाढ आणि टपाल असे सारे येते. सतत शहरे बदलणाऱ्या तरुणांसाठी खोल्या शोधणे, करार करणे आणि त्या रिकाम्या करताना घरमालकाशी हिशेब मिटवणे हे काम वर्षभर संपत नाही. या खोल्यांची स्वच्छता तपासायला जाणारी ‘सिस्टर’ तरुणांच्या आठवणीत बहुधा कडक आजीच्या रूपात राहते. मात्र येताना तिच्या हाती खाऊचा डबाही असतो.

दुसरा मोठा प्रकार स्थानिक मंडळीला आधार देण्याचा आहे. पंधरा-वीस माणसांच्या नवख्या शाखेत हिशेब कसा ठेवावा, सभा कशी चालवावी, मुलांचे वर्ग कसे घ्यावेत, हार्मोनियमसारख्या छोट्या कीबोर्डवर भजने कशी वाजवावीत, हे शिकवणे अशा जोडप्यांकडे येते. येथे एक धोका नेहमीचा असतो. अनुभवी परदेशी माणूस शेजारी बसला की स्थानिक नेता निर्णय त्याच्यावर सोपवू लागतो, आणि जोडपे परतले की शाखा पुन्हा होती तेथे येते. म्हणून स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेणे, हे या कामातील सर्वांत अवघड कौशल्य ठरते. आयुष्यभर हुकूम सोडण्याची सवय असलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला ते विशेष जड जाते.

याखेरीज मानवतावादी साहाय्य हे एक क्षेत्र आहे. त्यात विहिरी व नळयोजना, चाकांच्या खुर्च्यांचे वाटप, नवजात बालकांना श्वासोच्छ्वास सुरू करून देण्याचे सुईणींना प्रशिक्षण असे प्रकल्प असतात. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ मिशनऱ्यांच्या आरोग्याकडे पाहतात. काही जोडपी मंदिरांत विधींच्या कामाला नेमली जातात, तर काही ऐतिहासिक स्थळांवर मार्गदर्शक असतात. पूर्वजांचा शोध घेणे हे या पंथात धर्मकर्तव्य मानले जाते. त्यामुळे परदेशांतील अभिलेखागारांत बसून जन्म-मृत्यू-विवाहाच्या जुन्या नोंदवह्या पानामागून पान कॅमेऱ्याने टिपणारी जोडपीही असतात. या नोंदी पुढे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पंथाशी काडीचा संबंध नसलेल्या इतिहास-संशोधकांनाही त्याचा लाभ होतो.

भाषेची अडचण बहुतेकांना येते. साठीनंतर नवी भाषा पूर्णपणे आत्मसात करणे अपेक्षित नसते, पण बाजारहाट आणि नमस्कार-चमत्कारांपुरते तरी शिकावेच लागते. अनेक ठिकाणी तरुण मिशनरीच दुभाषे होतात. मग आजोबांच्या वयाचा माणूस नातवाच्या वयाच्या मुलाच्या तोंडून बोलतो, असे दृश्य दिसते.

== खर्च ==

तरुण मिशनऱ्यांसाठी एक समान मासिक रक्कम ठरलेली असते. जुलै २०२० पासून ती अमेरिकेत ५०० डॉलर झाली. त्या मुलाचे क्षेत्र टोकियो असो वा अक्रा, घरच्यांना तेवढेच द्यावे लागतात. ज्येष्ठांना मात्र जेथे जातील तेथील प्रत्यक्ष खर्च सोसावा लागे, त्यामुळे महागड्या शहरांत जाण्यास जोडपी मिळत नसत. सप्टेंबर २०११ पासून नियम बदलला. घरभाडे, वीज-पाणी आणि सामानसुमान यांपोटी दांपत्याने दरमहा कमाल १४०० डॉलर द्यावेत आणि त्यावरील भार चर्चने उचलावा, असे ठरले. अठरा महिन्यांहून कमी मुदतीसाठी परदेशी जाण्याची मुभाही त्याच वेळी मिळाली, पण अशा जोडप्यांनी विमानभाडे स्वतः भरायचे होते.

अन्न, प्रवास आणि औषधपाणी हे खर्च यात येत नाहीत. अमेरिकेतील ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, सहसा देशाबाहेरील उपचारांना लागू होत नाही, म्हणून वेगळा विमा घ्यावा लागतो. मागे राहिलेल्या घराचा कर आणि डागडुजी चालूच असते. काही जण घर भाड्याने देतात, काही विकून टाकतात. या अटींमुळे ही सेवा प्रामुख्याने निवृत्तिवेतन आणि बचत गाठीशी असलेल्यांना शक्य होते. नायजेरिया किंवा फिलिपिन्समधील सभासद-जोडप्याला तीच गोष्ट दुर्लभ असते. चर्चचे निम्म्याहून अधिक सभासद अमेरिकेबाहेर असताना परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांत अमेरिकन मोठ्या संख्येने दिसतात, यामागे श्रद्धेतील फरक नसून पैशाचे हे गणित आहे.

== घर, प्रकृती आणि निर्णय ==

तरुण उत्साहाने निघतात. ज्येष्ठांना आर्जव करावे लागते. चर्चच्या परिषदांतून वेळोवेळी झालेली आवाहने पाहता मागणीपेक्षा जोडपी नेहमीच कमी पडत आल्याचे दिसते. एप्रिल २००१ च्या परिषदेत रॉबर्ट हेल्स यांनी जोडप्यांना मागे खेचणारी चार कारणे मांडली होती: भीती, कुटुंबाची काळजी, योग्य काम मिळेल की नाही ही शंका, आणि पैसा. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोनाल्ड रॅसबंड यांनी पुन्हा जोडप्यांनाच साद घातली.

या चारांत कुटुंबाची काळजी सर्वांत भारी असते. दीड वर्षात नातवंड जन्मते, मुलाचा घटस्फोट होतो, नव्वदीची आई अंथरुणाला खिळते. ज्येष्ठांना घरच्यांशी संपर्क ठेवण्याची मोकळीक तरुणांपेक्षा पूर्वीपासून अधिक आहे. तरुणांना फेब्रुवारी २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच घरी दूरध्वनी करता येई. पण पडद्यावर नातवंड पाहणे आणि मांडीवर घेणे यांत अंतर राहतेच. मुलांच्या मुलांना सांभाळायला अमेरिकेला जाणारे आई-वडील हे मराठी मध्यमवर्गाला परिचित दृश्य आहे. येथे आई-वडील नातवंडे सोडून निघतात आणि मुलांनी त्याला संमती द्यावी अशी अपेक्षा असते. वानप्रस्थाश्रमाशीही या प्रथेची तुलना सुचते, मात्र हे वानप्रस्थी वनात न जाता दफ्तरात जातात.

पती-पत्नींच्या आपसांतील नात्याचीही कसोटी लागते. चाळीस वर्षे दिवसाचे दहा तास वेगळे राहिलेली माणसे अचानक चोवीस तास एका लहान घरात आणि एकाच कामावर येतात. त्यातच निर्णयाचे वजन समान नसते. शाखेचे अध्यक्षपद याजकपदाशी जोडलेले असल्याने ते पतीकडेच जाऊ शकते. पत्नीने आयुष्यभर शाळा वा रुग्णालय चालवले असले तरी तिला ते पद मिळत नाही.

आजारपण हे मुदतीपूर्वी परतण्याचे ठळक कारण आहे. निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते आणि हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना प्रगत रुग्णालये जवळ असलेल्या ठिकाणी ठेवले जाते. तरीही काहींचा मृत्यू परदेशातच होतो आणि जोडीदाराला एकट्याने परतावे लागते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे परदेशांतील मिशनऱ्यांना मोठ्या प्रमाणावर मायदेशी आणावे लागले. वयामुळे सर्वाधिक धोका ज्येष्ठांना होता. काही दिवसांच्या सूचनेवर त्यांनी सामान बांधले आणि अनेकांचे काम अर्धवट राहिले.

आजाराप्रमाणेच सरकारी आदेशही मुदत तोडू शकतो. १४ जून १९८९ रोजी घाना सरकारने या चर्चवर बंदी घालून परदेशी मिशनऱ्यांना देश सोडायला लावला. बंदी १९९० च्या अखेरीस उठली. रशियात २०१६ च्या कायद्याने धर्मप्रचारावर कडक निर्बंध आणल्यावर तेथील मिशनऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाऊ लागले.

== भारत आणि महाराष्ट्र ==

या चर्चचे मिशनरी भारतात १८५१ पासून आले. त्या वर्षी ह्यू फिंडले हे मुंबईत उतरले. पुढे पुण्यात त्यांनी एक लहान शाखा स्थापन केली. १८५३ मध्ये अमेरिकेहून आणखी मिशनरी आले. त्यांपैकी रिचर्ड बॅलंटाइन मद्रासला गेले. वर्तमानपत्रांची टीका, इंग्रज अधिकाऱ्यांचा विरोध आणि भाषेचे अज्ञान यांमुळे यश अल्प मिळाले व १८५६ च्या सुमारास हा उपक्रम थांबला. जे थोडे लोक पंथात आले त्यांतील काही उटाहला निघून गेले. हे मिशनरी पत्नींना मायदेशी ठेवून आले होते.

महाराष्ट्रातील मिशनरी दांपत्यांची परंपरा दुसऱ्या पंथांची आणि वेगळ्या घडणीची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल नॉट पत्नीसह १८१३ मध्ये मुंबईत आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये आले आणि मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या मुंबईतच वारल्या. ही माणसे तारुण्यात, जन्मभरासाठी व मिशनच्या वेतनावर येत. त्यांना मराठी शिकणे भाग होते, आणि त्यातूनच व्याकरणे, कोश व शाळा निर्माण झाल्या. दीड वर्षासाठी येणाऱ्या निवृत्त जोडप्याकडून असे काम होणे संभवत नाही.

मॉर्मन पंथाच्या भारतातील पुनरागमनाची सुरुवातही एका दांपत्यानेच केली, पण ते परदेशी नव्हते. एडविन व एल्सी धर्मराजू हे सामोआत राहणारे भारतीय जोडपे तेथेच या पंथात आले होते. डिसेंबर १९७८ मध्ये अल्पमुदतीचे मिशनरी म्हणून ते हैदराबादला आले आणि त्यांच्या नातलगांपैकी बावीस जणांचा बाप्तिस्मा झाला. बंगळूरु येथे १ जानेवारी १९९३ रोजी स्वतंत्र मिशन स्थापन झाले. नवी दिल्लीचे मिशन २००७ मधले. भारतात येणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांना मिशनरी व्हिसा घ्यावा लागतो आणि पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. त्यामुळे येथे येणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यांची संख्या व त्यांच्या कामाचे स्वरूप या दोन्ही गोष्टी मिशनच्या गरजेइतक्याच व्हिसाच्या अटींवर ठरतात.